आवड ठाऊक नसताना विषय कोणता घ्यावा?

आदरणीय मॅडम,

मी सिन्नर तालुक्यातील एका खेड्यात राहते. यंदा बारावी विज्ञान शाखेत मला ७१ टक्के गुण मिळाले. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित असे चारही विषय घेतले होते. नीट परीक्षेत ७२० पैकी २१२ गुण आले, त्यामुळे डॉक्टरकीचा विषय घरात संपला आहे. वडील एका औषध कंपनीत पॅकिंग विभागात आहेत. ते म्हणतात, केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. कर, आमच्याकडे क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला, मुली घेतात. पुण्याचा मामा म्हणतो, कॉम्प्युटरशिवाय कशालाच स्कोप नाही, बी.सी.ए. कर. निम्म्या मैत्रिणी फार्मसीला चालल्या आहेत. मला विचाराल तर मला कशाचीच आवड नाही. तिटकाराही कशाचा नाही, सगळे विषय सारखेच वाटतात. मोबाइलवर पैसे भरून अभिरुची चाचणी दिली, तिचा निकाल ‘सर्व क्षेत्रांत मध्यम’ असा आला. गुणपत्रक आणि अकरावीच्या पर्यावरण प्रकल्पातील आमच्या शिवारातल्या चौदा विहिरींच्या पाण्याचा तक्ता सोबत पाठवत आहे. त्यावरून काही अंदाज येत असेल तर पाहावा. अर्ज भरायला वीस दिवस उरले आहेत. जिला आवडच नाही तिने विषय कसा निवडायचा?

— एक विद्यार्थिनी

प्रिय विद्यार्थिनीस,

‘मला कशाचीच आवड नाही’ हे वाक्य तू कबुलीजबाब दिल्यासारखे लिहिले आहेस. मी महाविद्यालयात अनेक वर्षे शिकवले आणि प्रवेश समितीच्या टेबलामागेही बरीच वर्षे बसले. त्या अनुभवावरून सांगते, की हे वाक्य खरे बोलणारी मुले थोडी असतात. बाकीची मुले काहीतरी सांगायचे म्हणून ‘मला बायोची आवड आहे’ असे सांगतात आणि त्या सांगण्याला पुढे तीन वर्षे बांधली जातात. आजवर तुझी भेट चार विषयांशी झाली, आणि तीही चार पर्यायांतून एक निवडण्याच्या घाईत. नीटच्या १८० प्रश्नांसाठी पाठ केलेले रसायनशास्त्र आणि प्रयोगशाळेत दुपारभर उभे राहून केलेले रसायनशास्त्र यांची तोंडओळखसुद्धा एकमेकांशी नसते. सांख्यिकी, भूशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स ही नावे तू महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात पहिल्यांदाच पाहत असशील. अशा वेळी मुलीला आवड विचारणे म्हणजे स्थळ न दाखवता पसंती विचारण्यासारखे आहे, आणि तुझे उत्तर त्या प्रश्नाला साजेसेच आहे.

त्या चाचणीचेही तसेच समज. ‘तुम्हाला प्रयोगशाळेत काम करायला आवडेल का?’ असे ती विचारते. जिने प्रयोगशाळेत बारावीच्या तोंडी परीक्षेपुरतेच पाऊल टाकले, ती प्रामाणिकपणे ‘सांगता येत नाही’ याच बाजूचे उत्तर देणार, आणि तशा उत्तरांची सरासरी मध्यमच येणार. भरलेले पैसे गेले असे समजून तो निकाल विसरून जा.

आता तुझ्या कामाची एक गोष्ट सांगते, जी घरातल्या कोणालाच ठाऊक नसावी असे पत्रावरून दिसते. तुझे वडील आणि मामा ज्या पदवीविषयी बोलत आहेत, ती त्यांच्या काळची पदवी आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत पदवीची रचना बदलली, आणि नाशिक जिल्हा याच विद्यापीठाच्या कक्षेत येतो. या रचनेत बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी तीन विषय साधारण समान वजनाचे घ्यायचे असतात. मुख्य विषय, म्हणजे ज्याला आता सर्रास ‘मेजर’ म्हटले जाते, तो त्या तिघांतून दुसऱ्या वर्षी ठरतो. उरलेल्या दोनपैकी एक ‘मायनर’ म्हणून सोबत राहतो आणि एक सुटतो. म्हणजे जो निर्णय वीस दिवसांत घ्यायचा म्हणून तुझी झोप उडाली आहे, तो वर्षभर तीन विषयांच्या सहवासात राहून घेण्याची सोय विद्यापीठानेच करून ठेवली आहे. आज तुला एक विषय निवडायचा नसून तिघांचा गट निवडायचा आहे. या दोन कामांत फरक मोठा आहे.

मात्र गटाची निवड हीच बहुतेक ठिकाणी सर्वांत निष्काळजीपणे होते. अर्जावर ‘विषयगट’ असा एक लहानसा रकाना असतो. पालक आणि मुले सकाळपासून रांगेत उभी असतात, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला यांच्या तीन-तीन प्रती सांभाळत असतात आणि त्या रकान्याशी पोहोचेपर्यंत खिडकी बंद व्हायची वेळ झालेली असते. मग मागे उभ्या असलेल्या मुलीने जो गट लिहिला तोच लिहिला जातो. मी हे दर जूनमध्ये पाहत आले. तो रकाना तू घरूनच भरून ने.

गट निवडताना माझा आग्रह असा आहे, की तिन्ही विषय एकाच घरातले असू नयेत. रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हा गट लोकप्रिय आहे, आणि ज्याचे मन त्या दिशेला आधीच वळले आहे त्याला तो उत्तम आहे. पण ज्याला काहीच ठाऊक नाही त्याने त्यात वर्ष घालवले, तर शेवटी त्याच्याकडे एकाच प्रकारच्या अनुभवाच्या तीन प्रती जमा होतात. तुझ्यासारखीने प्रयोगशाळेचा एक, आकडेमोडीचा एक आणि शक्य झाल्यास बाहेर शिवारात नेणारा एक असा गट शोधावा. महाविद्यालये वेळापत्रकाच्या सोयीने गट ठरवून देतात, त्यामुळे मनातला गट जसाच्या तसा मिळेलच असे नाही. पण दोन-तीन महाविद्यालयांची माहितीपत्रके समोरासमोर ठेवलीस तर कोठे गणित किंवा सांख्यिकी रसायनशास्त्राबरोबर घेता येते, कोठे भूशास्त्र किंवा भूगोल आहे, हे अर्ध्या तासात कळेल.

माहितीपत्रकात सापडणार नाही असा एक प्रश्न मात्र कार्यालयात जाऊन विचारावा लागेल. जो विषय पहिल्या वर्षी देत आहात तो तिसऱ्या वर्षी मुख्य विषय म्हणून तुमच्याकडे चालतो का, आणि मागच्या वर्षी त्याला किती विद्यार्थी होते? लहान गावांतील अनेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षाला सहा-सात विषय दिसतात आणि तिसऱ्या वर्षापर्यंत त्यांतले दोन-तीनच उरतात. ज्या विषयाच्या तू वर्षभरात जवळ गेलीस तो पुढे त्या इमारतीत शिकवलाच जात नसेल, तर ती ओळख काय कामाची? लिपिकाने ‘नंतर बघू’ असे म्हटले तर त्या विषयाच्या विभागात जाऊन शिक्षकांना विचार. बहुतेक शिक्षक असा प्रश्न विचारणाऱ्या मुलीवर खूश होतात, कारण तो कोणी विचारतच नाही.

विषयाची ओळख करून घेताना त्याच्या थोरवीविषयी काही वाचू नकोस. त्या विषयात एक साधी दुपार कशी जाते, तेवढे पाहा. रसायनशास्त्राचेच घे. अनुमापनाच्या प्रयोगात ब्युरेटमधून थेंब-थेंब द्रावण सोडायचे, रंग पालटला की वाचन घ्यायचे, फ्लास्क धुऊन पुन्हा तेच करायचे, आणि वाचने जुळली की जर्नलमध्ये सी.बी.आर., म्हणजे ते जुळलेले स्थिर वाचन, लिहायचे. पुष्कळ मुले दुसऱ्या वाचनानंतर तिसरे शेजारच्या टेबलावरून उतरवतात (शिक्षकांना हे कळते, पण चारच्या बसची घाई त्यांनाही असते). ज्या मुलीला तिसऱ्या वेळी वाचन ०.२ मिलिलिटरने चुकले याची हुरहूर लागते आणि जी चौथ्यांदा फ्लास्क धुवायला उठते, तिला हा विषय सोसवेल. सांख्यिकीत प्रयोग म्हणजे तक्ते आणि गणकयंत्र, आणि बेरीज जुळेना म्हणून मागे जाऊन एकेक रकाना तपासणे. संगणकशास्त्रात प्रोग्रॅम लिहायला पाऊण तास लागतो आणि तो का चालत नाही हे शोधायला उरलेली दुपार जाते, आणि शेवटी चूक एका विसरलेल्या अर्धविरामाची निघते. वनस्पतिशास्त्रात ब्लेडने देठाचा इतका पातळ काप काढायचा असतो, की पहिले वीस काप फेकून द्यावे लागतात. प्रत्येक विषयात कंटाळवाणे काम हेच जास्त असते, आणि म्हणून कोणता कंटाळा आपल्याला पेलवतो हे आवडीपेक्षा लवकर कळते.

हे पाहायला तुला प्रवेश घेण्याचीही गरज नाही. गावातील किंवा नात्यातील दुसऱ्या वर्षात शिकणारी मुले शोध आणि त्यांची जर्नले दोन दिवसांसाठी मागून आण. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम असतो. त्यातील तिसऱ्या सत्राचे एक प्रकरण घे आणि ते समजते का, हे न पाहता, ते वाचताना कितव्या मिनिटाला तू मोबाइल हातात घेतलास याची नोंद ठेव. केंद्र सरकारच्या स्वयम या मंचावर महाविद्यालयीन पातळीची व्याख्याने विनाशुल्क ऐकता येतात, तीही एखाद-दोन ऐक. पाच विषयांना प्रत्येकी दोन दिवस दिलेस तर दहा दिवस होतात, आणि तुझ्याकडे वीस आहेत.

आता सल्ला देणाऱ्या मंडळींविषयी. वडिलांचे म्हणणे मला तिघांमध्ये सर्वांत वजनदार वाटले, कारण ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर आधारलेले आहे. पॅकिंगच्या पाळीत उभे राहून त्यांनी ॲप्रन घातलेल्या मुली गुणवत्ता तपासणीच्या काचेच्या खोलीत जाताना पाहिल्या असणार, आणि आपली मुलगी त्या काचेच्या आत असावी असे त्यांना वाटले असणार. ती इच्छा वाजवी आहे आणि ते कामही चांगले आहे. फक्त त्यासाठी आजच सर्व काही रसायनशास्त्राच्या नावावर लिहून देण्याची गरज नाही, तीन विषयांत ते एक असले की त्यांचा शब्दही राहतो आणि तुझे वर्षही मोकळे राहते. वडिलांना एक विनंती अवश्य कर. त्या खोलीत काम करणाऱ्या एखाद्या मुलीशी दहा मिनिटे फोनवर बोलणे करून द्या, असे म्हण. तिला पगार विचारू नकोस. सकाळी आल्यावर पहिल्या दोन तासांत ती काय करते, एवढेच विचार.

मामांच्या ‘स्कोप’विषयी मी थोडी कठोर आहे. हा शब्द आपल्याकडे गेली तीस वर्षे एका विषयावरून दुसऱ्या विषयावर उड्या मारत आहे, आणि ज्या वर्षी तो एखाद्या विषयावर बसतो त्या वर्षी प्रवेश घेतलेली मुले तीन-चार वर्षांनी बाहेर पडेपर्यंत तो बहुतेक उडालेला असतो. बी.सी.ए.साठी आता राज्याची स्वतंत्र सामाईक प्रवेश परीक्षा आहे, ती तू दिली होतीस का, हे पत्रात नाही. दिली नसेल तर यंदापुरता तो प्रश्न बहुधा आपोआप सुटतो. संगणकाचे दार मात्र त्यामुळे बंद होत नाही, आणि त्याचे कारण तुझ्या पत्रात एका ‘आणि’मागे दडलेले आहे, ते म्हणजे बारावीचे गणित. तू जीवशास्त्र सांभाळून गणितही घेतलेस. आज ते तुला ओझे वाटत असेल, पण बी.एस्सी.ला गणित, सांख्यिकी किंवा संगणकशास्त्र घ्यायचे तर बारावीचे गणितच विचारले जाते, आणि पदवीनंतर एम.सी.ए.कडे वळायचे झाले तरी गणित कामी येते. ज्यांनी अकरावीतच गणित सोडले त्यांना हे दार आज उघडता येत नाही. तुझे ते उघडे आहे, म्हणून पहिल्या वर्षीच्या तीन विषयांत गणित किंवा सांख्यिकी यांपैकी एक अवश्य ठेव. सहज म्हणून सोडून देऊ नकोस.

फार्मसीविषयी एवढेच, की तो चार वर्षांचा व्यावसायिक अभ्यासक्रम आहे आणि त्यात मधे वळण घेण्याची जागा फारशी नाही. ज्या मुलीला अजून दिशा ठरवायची आहे तिने केवळ मैत्रिणी चालल्या म्हणून त्यात जाऊ नये. जायचेच ठरले तर एक माहिती असू दे. २०२४च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गांतील मुलींना, केंद्रीभूत प्रवेश फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमात प्रवेश घेतल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ होते. दलालामार्फत व्यवस्थापन कोट्यात घेतलेल्या जागेला ही सवलत लागू नाही, हे वडिलांना स्पष्ट सांग.

विषय चुकला तर काय, ही भीती तू लिहिलेली नाहीस, पण ती प्रत्येक ओळीच्या मागे आहे. एका वर्षाने मन बदलले तर जमवलेली श्रेयांके, म्हणजे क्रेडिट्स, शैक्षणिक श्रेयांक बँकेत तुझ्या नावावर राहतात आणि ती सात वर्षांपर्यंत वापरता येतात. एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याचीही तरतूद आहे, पण त्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळेल अशा भरवशावर कोणी राहू नये. घरच्या अडचणीने थांबावे लागलेच तर परतीचा रस्ता राहावा, एवढाच त्याचा उपयोग. शिवाय राज्यसेवेपासून बँकांच्या परीक्षांपर्यंत आणि तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमापासून एम.बी.ए.पर्यंत पुष्कळ ठिकाणी कोणत्याही शाखेची पदवी चालते. मुख्य विषय जेथे खरोखर बांधून ठेवतो तो रस्ता म्हणजे त्याच विषयात एम.एस्सी. करणे किंवा तो विषय शिकवणे, आणि तो प्रश्न तुझ्यापुढे तीन वर्षांनी येणार आहे.

पहिल्या वर्षी दुसऱ्या विद्याशाखेतून निवडण्याचा, दोन श्रेयांकांचा एक विषयही असतो. सोपे गुण मिळतात म्हणून सगळी मुले एकाच विषयावर तुटून पडतात. तू तेथे अर्थशास्त्र किंवा मानसशास्त्रासारखा, आजवर कधी न भेटलेला विषय घे. नाही पटला तर नुकसान दोन श्रेयांकांचेच आहे.

आता तुझ्या तक्त्याविषयी, जो मी गुणपत्रकापेक्षा अधिक वेळ पाहिला. पत्रात चारही विषयांना मिळून तू एक वाक्य दिलेस आणि विहिरींना अख्खा तक्ता दिलास. चौदा विहिरी, ऑक्टोबर ते मे असे आठ महिने, प्रत्येक नोंदीला तारीख, आणि दोरी हातांनी मोजून मग मीटरमध्ये केलेले रूपांतर. डिसेंबरच्या रकान्यात पाचव्या विहिरीपुढे तू बारीक अक्षरात लिहिले आहेस, ‘मोटार चालू होती म्हणून पाणी खाली दिसले, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजले’. हे तुला कोणी शिकवले होते का? उपसा चालू असताना घेतलेली पातळी ही विहिरीची खरी पातळी नसते, हे शिकवायला महाविद्यालयात आम्हाला एक तास लागतो. अकरावीच्या प्रकल्पाला किती गुण असतात आणि ते कसे दिले जातात हे मला ठाऊक आहे. त्या गुणांसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा विहिरीवर जाण्याची काही गरज नव्हती.

यावरून तुझी आवड भूजलशास्त्र आहे, असा निष्कर्ष मी काढणार नाही आणि तूही काढू नकोस. एका तक्त्यावरून एवढी उडी मारणे म्हणजे त्या मोबाइलच्या चाचणीचीच दुसरी आवृत्ती होईल. मला त्यात एक सवय दिसते. मोजलेले खरे नसेल तर तू पुन्हा मोजतेस. ही सवय ब्युरेटसमोर चालते, सांख्यिकीच्या तक्त्यात चालते, न चालणाऱ्या प्रोग्रॅममधील अर्धविराम शोधतानाही चालते, आणि वडिलांच्या कंपनीतल्या त्या काचेच्या खोलीत तर तिच्यावाचून चालतच नाही. आपल्या राज्याच्या बहुतेक भागाखाली काळा पाषाण आहे आणि त्यात पाणी कोठे मुरते, कोठे अडते हे शोधायला भूशास्त्राची पदवी घेतलेली माणसे लागतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे सरकारी खाते निरीक्षण विहिरींच्या पातळ्या अशाच नियमाने नोंदवत असते. या शक्यतांपैकी तुझी कोणती, ते वर्षभर तीन विषयांत राहिल्यावर तूच ठरवायचे आहे.

तेव्हा माझे मत असे, की रसायनशास्त्र, गणित किंवा सांख्यिकी यांपैकी एक, आणि मिळाल्यास भूशास्त्र किंवा भूगोल, असा गट असलेले महाविद्यालय पहिल्या पसंतीला लिहावे. भूशास्त्र फार थोड्या ठिकाणी आहे आणि त्यासाठी वसतिगृहात राहावे लागेल. तो खर्च घराला झेपणारा नसेल तर हट्ट धरू नकोस. सिन्नरहून रोज बसने जाता येईल अशा ठिकाणी रसायनशास्त्र आणि गणिताबरोबर तिसरा कोणताही अनोळखी विषय घेतलास तरी चालेल. घरी बोलताना ‘मला काही कळत नाही’ असे म्हणू नकोस. ‘पहिल्या वर्षी हे तीन, मुख्य विषय पुढच्या जूनमध्ये’ असे तारखेसकट सांग. आमच्या पिढीच्या पालकांना मुलीचा गोंधळ घाबरवतो, वेळापत्रक घाबरवत नाही.

एक शंका उरली आहे. तुझ्या तक्त्यात नवव्या विहिरीची मे महिन्याची जागा रिकामी आहे, आणि पुढे शेराही नाही. विहीर आटली होती, दोरी पुरली नाही की मालकाने मोजू दिले नाही, ते मला कळव.